त्याला आई आहे

प्रश्न : आदरणीय ताई, मी पुण्यातील एका ख्रिस्ती मंडळीची (चर्चची) सभासद असून बँकेत नोकरी करते. गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या मंडळीतील १४ जण बारा दिवसांच्या सेवादौऱ्यासाठी केनियाची राजधानी नैरोबी येथे गेलो होतो. तेथील एका ख्रिस्ती बालगृहात रस्त्यावरून आणलेली चाळीसएक मुले राहतात. आम्ही त्यांच्यासाठी पवित्र शास्त्रातील गोष्टींच्या नाटिका केल्या, गाणी शिकवली, कपडे वाटले आणि दोन रात्री शहरात रस्त्यावर झोपणाऱ्या कुटुंबांना जेवण दिले. अकरा वर्षांचा एक मुलगा पहिल्या दिवसापासून मला बिलगला व ‘ममा’ म्हणू लागला. त्याला कोणीही नाही, असे आम्हांला सांगण्यात आले होते. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी फाटकाशी एक बाई उभी दिसली. तिने गजांमधून त्याच्या हातात पानात गुंडाळलेले भाजलेले कणीस दिले आणि तो तिच्यासमोरच उभा राहून ते खाऊ लागला. मी पहारेकऱ्याला विचारले, तेव्हा तो सहज म्हणाला, ‘ती त्याची आई. मथारेत कणसे विकते.’ (मथारे ही नैरोबीतील मोठी झोपडपट्टी.) मी कोणालाही काही बोलले नाही. आता वर्ष होत आले. मी दरमहा तीन हजार रुपये पाठवते. बालगृहाच्या फोनवरून त्याचे संदेश येतात : ‘ममा, बूट फाटले’, ‘ममा, पुन्हा कधी येणार?’ यंदा मंडळीने दौऱ्याचे नेतृत्व माझ्यावर सोपवले असून अकरा लाखांचा निधी जमत आला आहे. मला झोप लागत नाही. मी जावे का? पैसे बंद करावेत का? आणि पाहिले ते सांगितले, तर देवाच्या कामात अडथळा आणल्याचे पाप माझ्या माथी येईल का?
एक भगिनी, पुणे

उत्तर : भगिनी, सप्रेम नमस्कार.

आपला शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण पहिल्या दोहोंची उत्तरे त्याच्याच पोटात आहेत. डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट सांगणे हे पाप नाही. आपण वर्षभर गप्प का राहिलात, तेही मला समजते. स्वतःची रजा आणि साठवलेले पैसे खर्चून आलेले तेरा जण आपल्यासोबत होते, आणि निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या आनंदावर विरजण घालण्याचे धैर्य फार थोड्यांना झाले असते. मी स्वतः तेव्हाच्या अहमदनगरातील ख्रिस्ती घरात वाढले आहे. मंडळीत ‘मला शंका आहे’ असे म्हणणाऱ्या माणसाकडे सगळे बाक एकदम कसे वळतात, हे मी लहानपणापासून पाहिलेले आहे.

परंतु ज्या वचनाच्या आधारे असे दौरे निघतात, तेच एकदा पुन्हा उघडून पाहावे. बायबलच्या नव्या करारातील याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायातील सत्ताविसावे वचन निधी जमवण्याच्या पत्रकांवर हटकून छापलेले असते. त्या वचनात अनाथ एकटा येत नाही. अनाथ आणि विधवा असे दोघे मिळून येतात, आणि त्यांच्या संकटात त्यांचा समाचार घ्यावा, असे तेथे सांगितले आहे. जुन्या करारातही ही जोडी पुनःपुन्हा भेटते. तेथील ज्या हिब्रू शब्दासाठी आपण ‘अनाथ’ म्हणतो, त्या ‘यातोम’ शब्दाचा रोख बाप नसलेल्या मुलावर आहे. आई असलेले मूलही त्यात बसते. किंबहुना त्याच्या शेजारी उभी असलेली विधवा ही पुष्कळदा त्याचीच आई असते. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात अशीच एक विधवा अलीशा या संदेष्ट्याकडे येते. सावकार तिच्या दोन मुलांना गुलाम करून न्यायला निघालेला असतो. अलीशा मुलांना आपल्याकडे ठेवून घेत नाही; ‘तुझ्या घरात काय आहे?’ असे तिला विचारतो. घरात तेलाचे एक भांडे असते, त्याच्यावर कर्ज फिटते आणि मुले आईजवळ राहतात. आपल्या मुलाची आई भाजलेली कणसे विकते. तिच्या घरात काय आहे, हा प्रश्न गेल्या वर्षी आपल्या चौदा जणांपैकी कोणीही विचारला नाही, आणि माझ्या मते आपली झोप उडाली आहे ती तेवढ्यामुळेच.

आता त्या बालगृहाविषयी. ते लोक लबाड आहेत, असे मी पुण्यात बसून म्हणणार नाही, आणि आपणही एका कणसावरून तसे ठरवू नये. परंतु जगभर अशा संस्थांत राहणाऱ्या मुलांपैकी बहुसंख्य मुलांचे आईबापांपैकी कोणी ना कोणी हयात असते, हे या क्षेत्रात काम करणाऱ्यांना बऱ्याच वर्षांपासून ठाऊक आहे. अशी मुले संस्थेत पोचतात ती बहुधा गरिबीमुळे. केनियाने २००३ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत केले, तरी गणवेश, बूट, वह्या यांचा खर्च घरावरच राहिला. मथारेसारख्या वस्तीतील पत्र्याच्या एका खोलीला महिन्याला दोन-तीन हजार केनियन शिलिंग भाडे पडते. कणसे विकणारी एकटी बाई ज्या महिन्यात ते भरू शकत नाही, त्या महिन्यात ती मुलांसह रस्त्यावर येते, आणि तेवढ्यात कोणी भला माणूस म्हणतो की, मुलाला आमच्याकडे द्या, त्याला शाळा मिळेल, तीन वेळा जेवण मिळेल. आपण तिच्या जागी असतो, तर आपणही दिले असते. तिने मुलाला टाकले नाही. तिला जे सर्वांत चांगले दिसले, ते तिने त्याच्यासाठी निवडले. पुढे मात्र त्या मुलाची गोष्ट पाहुण्यांना सांगताना आई त्यातून हळूच वगळली जाते, कारण ‘गरीब आईचा मुलगा’ यापेक्षा ‘कोणी नसलेला मुलगा’ या शब्दांना देणगी लवकर मिळते. हे कोणी कट करून करतो असे नाही. संस्थेला पैसे मुलांच्या संख्येवर मिळत असतील, तर मुले घरी पाठवण्यात संस्थेचे नुकसान असते, आणि त्या एका हिशेबाने भलीभली माणसे आंधळी होतात.

रस्त्यावरचे जगणे काही सुखाचे नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. नाहीतर मी बालगृहापेक्षा फुटपाथ बरा म्हणते आहे, असा अर्थ निघेल. २०१८ मध्ये केनियाने रस्त्यावर राहणाऱ्यांची देशव्यापी गणना केली, तेव्हा ४६,६३९ माणसे मोजली गेली. त्यांपैकी १५,३३७ एकट्या नैरोबीत होती. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे आपण गेलात त्या ऑगस्टात तेथील रात्री चांगल्याच गारठ्याच्या असतात. मुले चांभाराचा डिंक प्लास्टिकच्या छोट्या बाटलीत घालून ती बाटली नाकाशी किंवा दातांत धरून हुंगतात, कारण त्याने भूक आणि थंडी दोन्ही काही वेळ मरतात. लोक त्यांना ‘चोकोरा’ म्हणतात. उकिरडा उकरणारा, असा त्या स्वाहिली शब्दाचा भाव आहे. अशा मुलाला आधी सुरक्षित छप्पर लागते, आणि काही मुलांना घरी परत पाठवणे खरोखरच धोक्याचे असते, कारण ती मारहाणीमुळेच घरातून पळालेली असतात. म्हणून निवारा वाईट, असे माझे म्हणणे नाही. निवारा हा धर्मशाळेसारखा असावा. तेथे मुक्काम करायचा असतो, घर बांधायचे नसते.

लहान मुले संस्थेत वाढली तर काय होते, याचा सर्वांत काटेकोर अभ्यास रुमानियातील बुखारेस्ट येथे झाला. तेथील संस्थांमधल्या १३६ बालकांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून पालक-कुटुंबांत ठेवण्यात आले, आणि काही वर्षांनी त्या मुलांची बुद्धी व माणसांशी जोडले जाण्याची क्षमता संस्थेत राहिलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे बरी आढळली. आपला मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि त्याला आई माहीत आहे, त्यामुळे तो अभ्यास त्याला जसाच्या तसा लागू होत नाही. परंतु जग या विषयाकडे आता कसे पाहते, ते त्यावरून कळते. संयुक्त राष्ट्रांनी २००९ मध्ये मान्य केलेली मार्गदर्शक तत्त्वे गरिबी हे एवढेच कारण मुलाला कुटुंबापासून दूर करण्यास पुरेसे मानत नाहीत. केनियानेही २०१७ मध्ये नव्या बालसंस्थांची नोंदणी थांबवली, आणि २०२२ मध्ये मुलांना संस्थांतून कुटुंबांकडे परत नेण्याचे दहा वर्षांचे धोरण जाहीर केले. म्हणजे आपली मंडळी ज्या कामासाठी अकरा लाख जमवत आहे, ते काम आवरते घेण्याच्या मार्गावर तो देश स्वतःच निघालेला आहे. आपल्या समितीतील किती जणांना हे ठाऊक आहे?

आता ‘ममा’विषयी. माझी बरीच वर्षे रेल्वे स्थानकावरच्या मुलांसाठी चालवलेल्या एका निवाऱ्यात गेली. तेथे एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा होता. नवीन स्वयंसेवक आला की इतर मुले त्याचे नाव विचारत. हा आधी विचारायचा, ‘कधी जाणार?’ उत्तर दोन दिवस असे आले, तर तो दोन दिवस त्या माणसाच्या मांडीवरून उतरत नसे, आणि उत्तर दोन महिने असे आले, तर तो पहिला आठवडा त्याच्याकडे फिरकतही नसे. पाहुण्यांना त्याचे ते बिलगणे फार गोड वाटायचे. आम्हांलाही पहिल्या वर्षी वाटले. मग लक्षात आले की, पोराने माणसांचा दर वेगवेगळा लावायला शिकून घेतले आहे. पहिल्याच दिवशी अनोळखी बाईला ‘ममा’ म्हणणारे मूल प्रेमळ असेलही. परंतु आपल्या आधी त्याने कितीजणींना ममा म्हटले असेल आणि त्या सगळ्या विमानतळाकडे गेलेल्या त्याने किती वेळा पाहिल्या असतील, याचा विचार करून पाहावा. यात आपला दोष नाही. मात्र आता आपल्याला हे माहीत झाले आहे.

आपल्याकडे ‘माय मरो आणि मावशी जगो’ अशी म्हण आहे. ती म्हणणाऱ्याने मावशीच्या मायेचा गौरव केला, परंतु त्यासाठी बिचाऱ्या आईला मारावे लागले. आपल्या बाबतीत माय जिवंत आहे, आणि आपण तिची जागा घेऊन बसला आहात, म्हणून ते नाते आपल्याला आतून टोचते आहे. ‘ममा’ हे पद सोडून मावशीचे पद घ्यावे, असे मी सुचवते. मावशी ही आईची बहीण असते. तिचे मुलाशी नाते आईच्या मार्फत लागते, आईला ओलांडून लागत नाही. मुलाला हे सांगायला मोठे भाषण नको. पुढच्या संदेशात ‘तुला ममा आहे, मी तिला पाहिले आहे, मी तुझी पुण्याची मावशी’ एवढे लिहिले तरी पुरेल. ‘पुन्हा कधी येणार’ या प्रश्नाला ‘लवकरच, देवाची इच्छा असेल तर’ असे मोघम उत्तर देऊ नये. येणार नसाल, तर ‘यंदा येत नाही’ असे सरळ लिहावे. मुले नकार पचवतात. त्यांना खाऊन टाकते ते वाट पाहणे.

पैसे आजच बंद करू नयेत. आपला राग संस्थेवर असला, तरी तीन हजार रुपये अचानक थांबले तर त्याचा पहिला फटका मुलालाच बसेल. आधी संस्थेच्या संचालकांना सौजन्याने एक पत्र लिहावे आणि त्यात थोडक्यात विचारावे की, संस्थेची बालसेवा खात्याकडे नोंदणी आहे का, हा मुलगा कोणत्या न्यायालयीन आदेशाने तेथे ठेवला आहे, त्याच्या फाइलमध्ये आईची नोंद आहे का, आईला भेटण्याचा दिवस ठरलेला आहे का, आणि त्याला घरी परत पाठवण्याची योजना लिहिलेली आहे का. आईला फाटकाच्या गजांमधून कणीस द्यावे लागते, याचा अर्थ भेटीचा दिवस नाही, किंवा असला तर तो तिच्या धंद्याच्या वेळेत येतो. दोन्ही गोष्टी विचारण्याजोग्या आहेत. प्रामाणिक संस्थेला हे प्रश्न परके वाटणार नाहीत, कारण तिला ते सरकारही विचारते. कदाचित संचालक सांगतील की, मुलगा डिंकाच्या आहारी गेला होता, आईनेच आणून सोडले, आणि सहा महिन्यांत परत पाठवायचे ठरले आहे. तसे असेल तर आपला संशय फिटेल आणि आपण त्या परत पाठवण्याच्या खर्चात हातभार लावू शकाल. उत्तराऐवजी मुलांची आणखी छायाचित्रे आणि नव्या इमारतीचा नकाशा आला, तर मात्र काय समजायचे ते समजावे. मग त्या भागातील सरकारी बालअधिकाऱ्यांना लिहिता येते, आणि केनियात मुलांसाठी ११६ क्रमांकाची हेल्पलाइन आहे. तेथील एखाद्या परिचिताला तेथून फोन करायला सांगता येईल.

एक गोष्ट मात्र करू नये. आईला शोधून काढून, एम-पेसावर, म्हणजे तेथील मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या सेवेने, थेट पैसे पाठवून, ‘मुलाला घरी घेऊन जा’ असे सांगण्याचा मोह आपल्याला होईल. मोह चांगला आहे, परिणाम चांगले असतीलच असे नाही. वर्ष-दोन वर्षे संस्थेत राहिलेले मूल घरी परतते, तेव्हा आधी भेटी, मग सुटीतले चार दिवस, मग जवळच्या शाळेत प्रवेश, आणि त्यानंतरही कोणीतरी महिनोन्महिने घरी जाऊन विचारपूस करावी लागते. घाई केली, तर ते मूल पुन्हा त्याच रस्त्यावर आणि त्याच बाटलीपाशी पोचते. शिवाय परदेशातून एकाच बाईला पैसे येतात, ही बातमी पत्र्याच्या भिंतींच्या वस्तीत लपत नाही. हे काम तेथे राहणाऱ्या, स्वाहिली बोलणाऱ्या आणि कुटुंबांसोबत काम करणाऱ्या माणसांचे आहे. आपले तीन हजार हळूहळू अशा माणसांकडे वळवावेत. केनिया सरकार स्वतः २००४ पासून अनाथ व असुरक्षित मुले सांभाळणाऱ्या गरीब कुटुंबांना रोख साहाय्य देते; त्याची रक्कम बरीच वर्षे महिना दोन हजार शिलिंग होती. आपण पाठवता ते तीन हजार रुपये त्याच्या दुपटीहून अधिक भरतात.

आता दौरा. माझे मत विचारले आहे, म्हणून सांगते : यंदा जाऊ नये, आणि चौदा जणांनी तर नाहीच. अकरा लाख रुपयांचे साधारण साडेसोळा लाख शिलिंग होतात. महिना तीन हजार शिलिंग भाडे धरले, तर त्यात सुमारे ४५ कुटुंबांच्या डोक्यावर वर्षभर छप्पर राहते. असे हिशेब निष्ठुर असतात आणि प्रत्येक तीर्थयात्रेला लावले तर जगात कोणी घराबाहेर पडणार नाही, हे मलाही कळते. माझा आक्षेप खर्चावर कमी आणि दिवसांवर जास्त आहे. बारा दिवसांत भाषा येत नाही, माणसे कळत नाहीत, आणि फाटकाशी उभी असलेली बाई अकराव्या दिवशी दिसते. ज्यांच्यामुळे आपण मराठी ख्रिस्ती झालो, ते परदेशी मिशनरीही आपल्याला चुकीचे वाटतील असे पुष्कळ काही करून गेले. परंतु ते राहिले. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फॅरार १८२७ मध्ये मुंबईत उतरल्या, मराठी शिकल्या, मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये अहमदनगरातच वारल्या. सावित्रीबाई फुल्यांनी त्यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या बारा दिवसांसाठी आल्या असत्या, तर सांगण्याजोगे काय उरले असते?

‘पुण्यात रस्त्यावरची मुले नाहीत का, नैरोबीला कशाला जायचे?’ हा टोमणा मंडळीतून कोणी मारील. त्यात मी पडत नाही. समुद्रापलीकडून आलेल्या माणसांनी आपल्याकडे शाळा काढल्या, तेव्हा त्यांच्याही गावात गरीब होतेच.

नैरोबीतच एक उदाहरण आहे, ते मात्र समितीपुढे अवश्य ठेवावे. आर्नोल्ड ग्रोल नावाचे डच कॅथलिक धर्मगुरू तेथे काम करीत होते. शहरात तेव्हा ‘पार्किंग बॉइज’ म्हणून ओळखली जाणारी मुले मोटारवाल्यांना गाडी लावायला जागा दाखवून चार नाणी मिळवत आणि तेथेच झोपत. त्यांच्यासाठी ग्रोल यांनी १९७३ मध्ये ‘उंडुगू सोसायटी’ सुरू केली. ‘न्दुगू’ म्हणजे भाऊबंद; उंडुगू म्हणजे भाऊपणा. मुलांना निवारा आणि शिक्षण देण्यापासून सुरू झालेले हे काम पुढे वस्त्यांमध्ये शिरले : शाळेतून गळालेल्या मुलांसाठी अनौपचारिक वर्ग, आयांचे छोटे उद्योग, घरांची दुरुस्ती. मूल रस्त्यावर येते ते वस्तीतून, म्हणून वस्तीत गेल्याशिवाय इलाज नाही, हे त्यांना काम करता करता उमगले. त्यात सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, कोठे आहे, असे कोणी विचारील. केनियात शंभरातील पंचाऐंशी माणसे स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात. आपण ज्यांना गाणी शिकवलीत, त्या मुलांनी येशूचे नाव आपल्या विमानाच्या आधी ऐकलेले होते. त्यांच्यापैकी कित्येकांना ती गाणी आपल्यापेक्षा बरी येत असतील, आणि पाहुण्यांसाठी ती पहिल्यांदाच शिकल्यासारखे दाखवण्याची सवयही झालेली असेल.

रात्री रस्त्यावर वाटलेल्या जेवणाबद्दल फार बोलत नाही. भुकेल्याला दिलेला घास वाया जात नाही. फक्त तेथील कोणी माणसे रोज रात्री जात असतील, तर त्यांच्या हाताने आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे द्यावे. कारण जेवणाच्या निमित्ताने ते मुलांशी ओळख धरून असतात, आणि आपण ज्या दोन रात्री भरभरून वाटतो, त्यानंतरच्या तिसऱ्या रात्री त्यांच्या साध्या खिचडीकडे मुले फिरकत नाहीत. हे आम्ही स्थानकावर दर दिवाळीला अनुभवत असू.

समितीत बोलताना कणसाची गोष्ट जशी मला लिहिलीत तशीच सांगावी, एक शब्दही न वाढवता. कोणावर आरोप करू नये, नेतृत्व सोडते असे म्हणून दार आपटू नये. ‘दौरा एक वर्ष पुढे ढकलू, तोवर त्या बालगृहाला प्रश्न विचारू, नैरोबीत कुटुंबांसोबत काम करणारी एखादी नोंदणीकृत ख्रिस्ती संस्था शोधू, त्यांनी बोलावले तर, आणि त्यांना हव्या असलेल्या कामासाठीच, दोन माणसे पाठवू’ असा लेखी ठराव हातात घेऊन जावे. आपल्या मंडळीत एखादा हिशेबनीस, एखादी परिचारिका, एखादा शिवणकाम शिकवणारा असेल, तर त्याचा तेथील कार्यकर्त्यांना उपयोग होऊ शकतो. केनियात धार्मिक व सेवाभावी कामासाठी परवान्याचा वेगळा वर्ग आहे. गेल्या वर्षी आपण चौदा जणांनी कोणते कारण लिहून प्रवेश घेतला होता, तेही पाहून ठेवावे. निधी ट्रस्टच्या खात्यात असेल, तर तो परदेशी पाठवण्यापूर्वी सनदी लेखापालांना विचारणे भाग आहे, कारण भारताबाहेर केलेला धर्मादाय खर्च आयकर सवलतीत सहसा धरला जात नाही, त्यासाठी वेगळी मंजुरी लागते. ज्यांनी दौऱ्यासाठी पैसे दिले, त्यांना हेतू बदलल्याचे कळवून, हवे असल्यास परत घेण्याची मोकळीक द्यावी. थोडे जण घेतील. पाळकसाहेब नाराज झाले, तर त्यांना एकांतात भेटून नाईन गावच्या विधवेची गोष्ट काढावी. मेलेला मुलगा उठून बसल्यावर प्रभूने त्याला शिष्यांत सामील करून घेतले नाही, त्याच्या आईच्या स्वाधीन केले, हे शुभवर्तमानकार लूक आवर्जून नोंदवतो. पाळकांना ते ठाऊकच असते. कधी कधी फक्त आठवण करून द्यावी लागते.

गेल्या वर्षीची छायाचित्रे मंडळीच्या फेसबुक पानावर अजून असतील, तर ती उतरवावीत. केनियाच्या २०१९ च्या माहिती-संरक्षण कायद्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. आपल्या मुलाचे छायाचित्र ‘अनाथ’ या शब्दासह लावलेले असेल, तर ते आजच काढावे. मोठा होऊन तो कधी इंटरनेटवर स्वतःला शोधील, आणि मथारेत आता फोन घरोघरी आहेत. त्याची आईदेखील पाहू शकेल.

त्याला पुढचा संदेश कराल, तेव्हा बुटांचे माप विचारण्याआधी आईचे नाव विचारावे. आपल्या पत्रात ते कोठेही आलेले नाही.